तेलाच्या बाटलीखालचा कागद

आठव्या दिवशी सकाळी वृंदा सबनीस बेसिनवरच्या आरशासमोर उभी होती आणि आपल्या चेहऱ्याचं नेमकं काय झालंय हे तिला काही केल्या उमगत नव्हतं. उजवी भुवई जवळजवळ नाहीशी झाली होती. डावी जागेवर होती, पण लाल, सुजलेली, आणि शेपटाकडे पिवळट ओल धरलेली. तिने बोट लावून पाहिलं तर चटका बसावा तशी आग झाली.

"अहो, जरा इकडे या."

उदय एका पायात मोजा घालून आला. सरकारी बँकेतला वरचा अधिकारी, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून कोलकात्याला बदली झालेला. त्याने चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"हे असंच दिसतं का आठव्या दिवशी?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय."

"मला काय विचारतेस? भुवया तुझ्या."

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशीला टेकलेल्या बाईला हे भुवयांचं खूळ कुठून सुचलं? वृंदाच्या सासूबाईंनी फोनवर हेच विचारलं असतं, म्हणून तर वृंदाने त्यांना कळूच दिलं नव्हतं. पण मला विचाराल तर ते खूळ नव्हतं. थायरॉईडच्या दुखण्यात तिच्या भुवया अर्ध्याहून जास्त गळून गेल्या होत्या. रोज सकाळी पेन्सिलने रेखायच्या आणि मग दिवसभर जपायच्या. कोलकात्याच्या उन्हाळ्यात घाम कसा येतो हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. मागच्या वैशाखात मेट्रोमध्ये तिने सवयीने कपाळ पुसलं आणि डावी भुवई रुमालावर आली. समोरच्या बाकावरची शाळकरी पोरगी आईला कोपराने ढोसून हसली. त्या दिवसापासून वृंदाने बाहेर असताना घाम पुसणंच सोडलं. घाम डोळ्यांत उतरायचा, डोळे चुरचुरायचे, पण हात वर जायचा नाही. मग हळूहळू तिने बाहेर जाणंच कमी केलं. तिला सुंदर दिसायचं नव्हतं हो, तिला नुसतं चारचौघांत तोंड पुसायचं होतं.

सहा महिने विचार करून, डॉक्टरांना विचारून, ती ढाकुरियातल्या मौसुमीच्या छोट्याशा पार्लरमध्ये गेली. मौसुमी तिशीतली, कामात अगदी चोख. तिने दोन तास बसून बारीक पात्याने एकेक केस रेखावा तसा रंग कातडीत भरला. वृंदाने आरशात पाहिलं आणि तिला रडूच आलं. मग मौसुमीने एक छापील कागद तिच्या हातात दिला आणि बंगालीत भराभर समजावायला लागली. शेवटी तिने विचारलं, "बुझेछेन तो, दीदी?"

म्हणजे, कळलं ना ताई? वृंदाने मान डोलावली. "हँ, हँ."

सगळं पाणी मुरलं ते इथे.

कारण वृंदाला कळलं होतं फक्त 'जल', 'मलम' आणि 'सात दिन'. पाणी लावायचं की लावायचं नाही? सात दिवस काय करायचं, की सात दिवस काय करायचं नाही? कागद बंगालीत, आणि बंगाली अक्षर तिच्यासाठी नुसत्या रेघोट्या. पण विचारायचं कसं? दोन वर्षं राहून भाषा येत नाही म्हणायचं? तिने या शहरात दोन वर्षं 'हँ, हँ'वरच काढली होती. एकदा बस कंडक्टरला 'हँ, हँ' म्हणून गडियाहाटला जायच्याऐवजी थेट हावड्याला पोचली होती, आणि घरी येऊन म्हणाली होती की नदीवरची हवा खायला गेले होते.

घरी आल्यावर तिने महाराष्ट्र मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं. तेही सरळ नाही. लिहिलं, 'माझ्या एका मैत्रिणीने भुवया कोरून घेतल्यात. पुढे काळजी काय घ्यायची?'

दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला. देवयानी मंडळाची सगळी सूत्रं हलवणारी, तिने लिहिलं की दिवसातून तीनदा गार पाण्याने धुवायचं. प्राजक्ताने लिहिलं की पाण्याचा थेंबही लागता कामा नये. कोणी कोरफड सांगितली, कोणी एरंडेल. आणि बराकपूरच्या उषाकाकूंनी तर फोनच केला. "तुझ्या मैत्रिणीला सांग, खोबरेल तेलात हळद कालवून लाव. हळदीने आजवर कोणाचं वाईट झालंय का?"

एकीचं ऐकावं तर दुसरीला वाईट वाटणार, म्हणून वृंदाने सगळ्यांचंच ऐकलं. सकाळी धुतल्या, दुपारी कोरड्या ठेवल्या, संध्याकाळी कोरफड, झोपताना तेल-हळद. मौसुमीने दिलेली मलमाची डबी तशीच राहिली, कारण हळदीवर मलम चालतं का हे कोणी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी खपल्या धरल्या, खाज सुटली, आणि तिने टॉवेलने खसाखसा पुसून काढल्या. बारा सुइणी आणि बाळंतीण आडवी म्हणतात, तसली गत.

आणि आज आठवा दिवस.

उदयने दुसरा मोजा घातला आणि तावातावाने फोन उचलला. "हे सरळसरळ निष्काळजीपणाचं प्रकरण आहे. मी लेखी तक्रार करतो." दोन मिनिटांत त्याने 'वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की' पर्यंत मजल मारली सुद्धा. तिकडे देवयानीला वृंदाने मैत्रिणीच्या भुवईची हकिगत कळवली होती. तिचा निरोप आला, 'पार्लरचं नाव दे. आपण बेचाळीस जणी आहोत, प्रत्येकीने एकेक वाईट शेरा टाकायचा. दुकान बंद करायला लावू.'

वृंदाने टाईप केलं, 'या पार्लरमध्ये कोणीही जाऊ नका.' खाली मौसुमीच्या पार्लरचं नाव लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीही चोरी, कारण भुवईला धक्का लागला असता. एवढ्यात दार वाजलं आणि शेफालीदी आत आली.

शेफालीदी सबनीसांकडे दोन वर्षं स्वयंपाक करत होती. रोज लोकलने येणारी, पन्नाशीची, कमी बोलणारी, वृंदाला बोउदी म्हणजे वहिनी म्हणणारी. तिची बंगाली वळणाची हिंदी मला काही कागदावर उतरवता यायची नाही, म्हणून आपली मराठीतच सांगते.

उदयने तिला दारातच ऐकवलं की त्या पार्लरची तक्रार करून दुकानच बंद पाडणार आहोत. तिने वृंदाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "बोउदी, हे पिकलंय. भुवया करणारीने कागद दिला असेल ना? सगळ्याच देतात. कुठे आहे?"

वृंदाला क्षणभर आठवेना. मग आठवलं आणि तिचा चेहरा उतरला. कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. खोबरेल तेलाच्या बाटलीखाली. फळीला डाग पडू नयेत म्हणून तिनेच घडी करून ठेवला होता.

शेफालीदीने बाटली उचलली. कागदावर तेलाचं गोल वर्तुळ उमटलं होतं आणि कडेला हळदीची बोटं. तिने तो खिडकीपाशी नेला, लांब धरला आणि वाचायला लागली. एकेक ओळ बंगालीत वाचायची आणि हिंदीत सांगायची.

"सात दिवस भुवया भिजवायच्या नाहीत. दिलेलं मलम तांदळाच्या दाण्याएवढं, स्वच्छ हाताने, पातळ लावायचं. खपल्या ओढायच्या नाहीत, आपोआप पडू द्यायच्या." ती थांबली, वृंदाकडे पाहिलं आणि पुढची ओळ सावकाश वाचली. "तेल, हळद, कोरफड, यातलं काहीही लावायचं नाही."

उदयचा अंगठा तक्रारीवर थबकला.

"खपल्या पडल्यावर रंग उडाल्यासारखा दिसेल. घाबरू नका, महिन्याभरात परत दिसू लागेल. आणि सूज, पू किंवा ताप आला तर वाट पाहू नका. त्याच दिवशी मला फोन करा आणि डॉक्टरांना दाखवा." खाली मौसुमीने पेनने आपला नंबर लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

म्हणजे उजवी भुवई बिघडलीच नव्हती! जे बिघडलं होतं ते सगळं या घरात, या फळीवरून बिघडलं होतं. ज्या भुवयांसाठी सहा महिने जीव टांगणीला लावला, त्यांतली डावी वृंदाने स्वतःच्या हाताने नासवली होती.

ती खुर्चीत बसली. मग जे तिच्या तोंडून निघालं ते तिचं तिलाच नंतर लाजिरवाणं वाटलं. "शेफालीदी, तुला वाचता येतं?"

"आठवी पास आहे मी. रोज गाडीत पेपर वाचते." शेफालीदीच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

"मला वाटलं..." वृंदा म्हणाली.

"तिने समजावलं तेव्हा कळलं नाही म्हणून सांगायचं ना, बोउदी."

"दोन वर्षं झाली इथे राहून. लाज वाटली गं."

शेफालीदीने कागदाची घडी घातली. "मलाही वाटायची. वीस वर्षांपूर्वी एका मारवाडी घरी काम करत होते. मला हिंदी येत नव्हती. घरातल्या आजीची गोळी अर्धी द्यायची की दोन द्यायच्या, मला कळलं नाही. मी मान हलवली. दोन दिल्या. तीन दिवस म्हातारी शुद्धीवर नव्हती. वाचली, देवाची कृपा. कोणी मला ओरडलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही. पण मला ठाऊक होतं ना. त्या दिवसापासून मी कोणाकडेही गेले तरी सांगते, समजलं नाही, परत बोला. लोक हसतात कधीकधी. हसू देत. ती लाज मिनिटभराची असते, बोउदी. मान हलवलेली मात्र जन्मभर पुरते." मग तिने फोनकडे बोट दाखवलं. "आणि त्या मुलीचं पोट त्या दुकानावर आहे."

वृंदाने फोन हातात घेतला. मौसुमीच्या पार्लरचं नाव अजून तिथेच होतं, फक्त पाठवायचं बाकी. तिने ते एकेक अक्षर करून खोडलं. उदयने तोवर आपली तक्रार गुपचूप पुसून टाकली होती आणि तो बूट शोधायच्या निमित्ताने बाहेरच्या खोलीत गेला होता.

मग तिने मौसुमीला फोन लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत तिने सगळं सांगितलं, हळदीसकट. "उस दिन मुझे कुछ समझा नहीं था. मैंने झूठ बोला."

मग मौसुमी हळू म्हणाली, "दीदी, चूक माझीही आहे. तुम्ही हँ म्हणालात आणि मी मानलं. काय कळलं ते मी एकदा तरी तुमच्याकडून वदवून घ्यायला हवं होतं." तासाभरात ती स्वतः वृंदाला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पाहिलं, गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं. डोळ्याला धोका नाही, सूज उतरेल, पण डाव्या भुवईच्या शेपटाशी व्रण राहील. त्यावर रंग नीट बसेलच असं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर वृंदाचा निरोप आला. 'ती मैत्रीण म्हणजे मी. पार्लरवालीची काही चूक नाही. तिने दिलेला कागद मी वाचला नाही, आणि वाचता येत नाही हेही सांगितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मायेने सांगितलं, पण आपल्यातल्या एकीलाही नक्की ठाऊक नव्हतं.' मग उषाकाकूंचा फोन आला. "अगं, मला सांगायचं तरी की ती तू आहेस," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "मी इतक्या छातीठोकपणे सांगायला नको होतं."

एप्रिलमध्ये मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. भाड्याचा हॉल, आंब्याची डाळ, पन्हं आणि जीव नको करणारा उकाडा. कार्यक्रमाआधी हॉलचा व्यवस्थापक आला आणि मागचं दार, विजेची कळ आणि गॅसची शेगडी यांबद्दल बंगालीत भराभर काहीतरी सांगून गेला. देवयानीने मान डोलावली. तिच्या मागच्या सहा-सात जणींनीही डोलावली. "हँ, हँ."

तो वळला, तेव्हा वृंदा पुढे झाली. शेफालीदीने शिकवलेले शब्द तिने जपून उच्चारले. "दादा, बुझिनि. आबार बोलून." मला कळलं नाही, परत सांगा.

तो थांबला, हसला आणि सावकाश, हाताने दाखवत सांगायला लागला. शेगडीच्या नळीतून गॅस गळत होता, तिला हात लावू नका, दुसरी वापरा, एवढंच तो मघापासून सांगत होता. ती शेगडी पेटवायला प्राजक्ता काडेपेटी घेऊन उभी होती. तिने काडेपेटी खाली ठेवली.

"मलाही कळलं नव्हतं," देवयानी हळूच म्हणाली. "मला तर चार वर्षांत कधीच कळलं नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

मंडळी, आपण परक्या गावात असू नाहीतर आपल्याच गावात, डॉक्टरांपुढे असू की बँकेच्या खिडकीपुढे, न कळता मान डोलावण्याची ही खोड आपल्या सगळ्यांना आहे. 'मला कळलं नाही' म्हणण्यात कमीपणा नाही. न कळता 'हो' म्हणणं आणि न कळता दुसऱ्याला सल्ला देणं, या दोन्हींत मात्र कोणाचा तरी बळी जातो. वृंदाच्या बाबतीत ते भुवईच्या टोकावर निभावलं.

ते टोक आजही रिकामं आहे. गव्हाच्या दाण्याएवढी जागा, डाव्या बाजूला. बाकी रंग मौसुमीने सांगितला तसा महिन्याभरात वर आला. हळदीकुंकवाच्या दिवशी वृंदाच्या कपाळावरून घामाची धार उतरली. समोर चाळीस बायका होत्या. तिने पदर घेतला आणि सगळ्यांदेखत कपाळ खसकन पुसलं.

पदरावर फक्त घाम आला.