काठीने चालू होणारा पंखा

मी पंख्याचा कंडेन्सर बोलतोय. बोलतोय कसला, नुसता घुमतोय! बटण दाबल्यावर पाती जागची हलत नाहीत आणि वरून नुसतं 'घूंऽ' ऐकू येतं ना, तेव्हा समजायचं की माझा एखादा भाऊबंद आत जीव तोडून ओरडतोय.

मला कुणी पाहिलेलं नसतं. छताला लागून पंख्याची जी वाटी असते, तिच्यात मी राहतो. काडेपेटीएवढा डबा, दोन वायरी आणि पोटात पातळ पट्टीची घट्ट गुंडाळी, संपलं. मोटर अंगापिंडाने माझ्या कितीतरी पट मोठी, पण वीज आली तरी कुठल्या बाजूला फिरायचं हे त्या बयेला कळतच नाही. ते मी सांगतो. पहिला रेटा माझा, मग ती गरगरत सुटते आणि लोक म्हणतात, काय छान पंखा आहे!

माझं घर म्हणजे नालासोपाऱ्यातल्या एका चाळवजा इमारतीचा शेवटचा मजला. डोक्यावर गच्ची. उन्हाळ्यात स्लॅब असा तापतो की विचारू नका. त्यात वीज कधी जोरात, कधी मेल्यासारखी. मी आतून सुकत गेलो. आमची वाटी जरा खाली घसरलीय, त्या फटीतून मला खालची खोली दिसते. दिसली नसती तर फार बरं झालं असतं.

या घरात अनुज, त्याची बायको रिद्धी आणि अनुजची आई मालनबाई राहतात. मालनबाईंचा सगळा जन्म वटार गावातल्या वाडीत गेला. केळी, फुलं, भाजी, सारखे हात चालू. मुलाच्या फ्लॅटवर आल्या तरी बसून राहणं त्यांना जमेना.

पहिल्यांदा मी कमी पडलो त्या दिवशी पंखा नुसताच घुमत राहिला. अनुज म्हणाला, "गेला वाटतं." मालनबाईंनी कपडे वाळत घालायची काठी उचलली, वाडीत चिकू पाडायच्या तशी मान वर केली आणि पात्याला हलकेच टोचलं. "चल रे बाबा, निघ!" पंखा निघाला की! दुसऱ्या दिवशी अनुजने काठी उलट्या बाजूने मारली, तर पंखाही उलटा फिरला. खाली वाऱ्याचं नाव नाही. मालनबाई पोट धरून हसल्या. "अरे, छताला वारा घालतोस काय मेल्या?"

पुढे बेल दुरुस्त करायला स्टॅनी इलेक्ट्रिशियन आला. घरी मालनबाई एकट्याच. त्यांनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, कंडेन्सर गेलाय. आत्ता बदलून टाकतो, पाच मिनिटांत."

"फिरतोय ना? मग ऱ्हाऊ दे. काठी आहे की."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, या बाईने आपल्याला घरातून काढलं नाही. माझं नाव या घरात त्यांनी एकट्यांनीच ऐकलं, आणि कुणाला सांगायचं त्यांना काही कारण पडलं नाही.

दिवाळीनंतर मालनबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वारा लागावा म्हणून त्यांची खाट बरोबर माझ्याखाली आणली. अनुजने पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. लेकराने आपल्या परीने सगळं केलं. नवराबायको सकाळी कामाला जातात, शेजारच्या एस्थरकडे किल्ली असते, ती दुपारी येऊन पेज भरवते.

पण बटणाला चिकटपट्टी लावली तरी लाईट जायची थांबते थोडीच? लाईट जाते आणि पंखा थांबतो. लाईट परत येते, फ्रिज चालू होतो, शेजारचा टीव्ही बोंबलायला लागतो आणि मी इथे 'घूंऽ' करत बसतो. खाली मालनबाई घामाने भिजत असतात. काठी कपाटाला टेकलेली त्यांना दिसते, पण हात पोचत नाही. मला पाती दिसतात, माझ्यात जोर नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहतो.

एकदा एस्थर आली तेव्हा मालनबाईंनी डाव्या हाताचं बोट वर केलं. थेट माझ्याकडे! एस्थरने छातीवर क्रूसाची खूण केली. "हो गं मावशी, वर तो आहे ना, त्याला सगळं दिसतं." मग काठीने पंखा सुरू केला आणि पेज भरवायला बसली. काठीने पंखा सुरू करणं यात तिला काही विशेष वाटलं नाही, तिच्याकडेही तसंच चालतं.

संध्याकाळी अनुज आणि रिद्धी आले. मालनबाईंनी पुन्हा बोट वर केलं. रिद्धीला रडूच फुटलं. "आई, असं नका ना करू! वर जायची कसली घाई झालीय तुम्हाला?" अनुजने ते बोट हळूच मिटलं आणि मूठ हातात धरून बसला. पंखा तेव्हा मजेत फिरत होता. कशाला बघतोय तो वर?

दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीवर देवाचा फोटो लागला. मालनबाईंनी फोटोकडे पाहिलंच नाही. बोट वर केलं, मग हाताने हवेत ढकलल्यासारखं केलं. काठी मारायच्या तस्संच! मी वरून ओरडलो, अरे बघा, बघा! अनुजला वाटलं, आई निरोप घेतेय.

त्याने वटारला फोन केले. रविवारी वाडीतली सगळी नातेवाईक मंडळी भेटायला आली, खाटेभोवती दाटीने बसली, डोळे पुसले. एक काका म्हणालेसुद्धा, "वारा मात्र झकास लागतो हां इथे." बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी काठी उचलून बाल्कनीत ठेवली. ती अजून तिथेच आहे.

आत्ता लाईट आलीय. मघाशी गेली होती. एस्थर चर्चमध्ये कुणाच्या तरी मयताला गेलीय, उशीर होणार. ती आली तरी आधी काठी शोधत बसेल. मालनबाईंचं बोट बराच वेळ वर होतं, आता हात छातीवर पडलाय. श्वास चाललाय, मला दिसतोय. मी घुमतोय, घुमतोय, एक पातं हलत नाही.

शाळेच्या निबंधांत 'मी अमुक बोलतोय' म्हणणाऱ्या वस्तू, माझे जातभाई, शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी हात जोडून उलटं मागतो. मला उपटा, उकिरड्यावर फेका, नवा बसवा. आणि तुमच्या घरी कुणी बोलता न येणारं माणूस असं वर बोट दाखवू लागलं, तर देवाकडे नंतर बघा. आधी पंख्याकडे बघा.