टॉवेल कुठल्या खांद्यावर

"डावा खांदा म्हणजे पास, उजवा खांदा म्हणजे सरळ गोलात. सांगा परत."

"सर, परवापर्यंत उलटं होतं," कॅप्टन म्हणाली. प्रत्येक गोष्टीवर हरकत घ्यायची सवय असल्यामुळे संघात तिला 'वकील' म्हणत.

"परवापर्यंतचं विसरा."

"दोन दिवसांत कसं विसरणार? तुम्हीच म्हणता ना, झोपेतून उठवलं तरी हात तिकडेच गेला पाहिजे."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. बंद ड्रेसिंगरूममध्ये शिट्टी वाजली की चर्चा आपोआप संपते.

मास्तर विद्यापीठाच्या मुलींच्या हॉकी संघाचे प्रशिक्षक कसे झाले, तर ज्या बैठकीत हे काम वाटलं गेलं तिला ते एकटे गैरहजर होते. पहिल्या वर्षी मुली जास्त आणि स्टिका कमी. बाहेर येणारी आत जाणारीच्या हातात आपली स्टिक कोंबायची. मग एकदा जिंकले, आणि तिथून जी चटक लागली ती लागली. फायनलला गेले की कप घेऊनच परत. कपाट भरलं. एक कप क्रीडा विभागाचं दार आपटू नये म्हणून ठेवलेला असतो, एकात लेखा विभागवाले छत्र्या ठेवतात. कुलगुरू दर सत्काराला मास्तरांचं फुटबॉलबद्दल अभिनंदन करतात. मास्तरांनी एकदा चूक दुरुस्त केली, तर पुढच्या वर्षी ते क्रिकेट म्हणाले. तेव्हापासून मास्तर नुसते मान डोलावतात.

महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते. आज शेवटची फायनल. एकही फायनल न हरलेला माणूस म्हणून घरी जायचं, एवढीच इच्छा. आडवी आली होती पोटची मुलगी.

ती बापाच्याच हाताखाली खेळली होती आणि याच खुणांवर पेनल्टी कॉर्नरला गोल मारमारून मोठी झाली होती. यंदा ती समोरच्या विद्यापीठाची प्रशिक्षक झाली आणि पहिल्याच वर्षी संघ फायनलला घेऊन आली. गेला महिनाभर बापलेक फोनवर फक्त हवेबद्दल बोलत होते. "तुमच्याकडे ऊन आहे का?" "आहे. तुमच्याकडे?" मास्तरांची बायको मैदानाच्या मधल्या रेषेच्या बरोबर समोर बसली होती. कोणाच्या बाजूने, असं शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरांनी उन्हात बसायला सांगितलंय."

पेनल्टी कॉर्नर म्हणजे हॉकीतलं वाढून ठेवलेलं ताट. एकीने मागच्या रेषेवरून बॉल ढकलायचा, दुसरीने गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे 'डी'च्या, बाहेर अडवायचा, तिसरीने तो सरळ गोलात मारायचा किंवा बाजूच्या चौथीला द्यायचा. समोरच्यांना यातलं काय होणार ते आधी कळलं, की ताट त्यांचं. म्हणून मास्तरांचा टॉवेल. तो कुठल्या खांद्यावर आहे हे मुली बघत, आणि त्याचा अर्थ जगात फक्त संघाला ठाऊक होता. संघाला आणि मुलीला. म्हणून खांदे बदलले. ती जुना अर्थ लावणार, आपल्या मुलींना चुकीच्या बाजूला पळवणार आणि फसणार. मास्तर या कल्पनेवर इतके खूश होते की सकाळी दाढी करताना आरशात स्वतःकडे बघून हसले होते.

सामना सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. टॉवेल डाव्या खांद्यावर. बॉल आला, अडला, वकिलीने बाजूला दिला, चौथीने गोलातल्या फळीवर असा हाणला की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. गोल! मास्तरांनी हवेत उडी मारली. गुडघ्याने त्याची नोंद घेतली.

"फसली!" ते राखीव मुलींना म्हणाले. "बापाला शिकवते!"

मध्यंतरानंतर समोरच्यांनी बरोबरी केली. मग जे सुरू झालं त्याला खेळ म्हणायचं की पाठलाग, कळेना. बॉल इकडे, बॉल तिकडे, भिजवलेल्या टर्फवरून पाण्याचे फवारे उडतायत, प्रेक्षक उभे, आणि उन्हात बसायला आलेली बाईसुद्धा बाकावर चढलेली. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना मास्तरांच्या संघाला पुन्हा कॉर्नर मिळाला.

मास्तरांनी टॉवेल डाव्या खांद्यावर नीट मांडला. मग समोरच्या बाकाकडे पाहिलं.

मुलगी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. राखीव खेळाडूला काहीतरी समजावत होती.

मास्तरांनी खाकरून पाहिलं. टॉवेल जरा झटकला. ती वळेना. इतका नामी सापळा, आणि सावज बघतच नाही म्हणजे काय! त्यांनी टॉवेल उचलून दणक्यात उजव्या खांद्यावर टाकला, दोनदा थोपटला, मग चूक लक्षात येऊन घाईघाईने परत डावीकडे घेतला.

वकिलीने डावा खांदा पाहिला होता. चौथीने उजवा. बॉल आला, अडला, वकिलीने बाजूला दिला, आणि बाजूला कोणीच नव्हतं. चौथी केव्हाच गोलाकडे धावली होती. रिकाम्या जागेतला बॉल समोरच्या संघातल्या एका काटकुळ्या मुलीने उचलला आणि ती सुटली.

सगळा संघ पुढे गेलेला. मागे उरली होती एकटी गोलकीपर. मास्तर टॉवेल हातात घेऊन रेषेच्या बाहेरून त्या मुलीच्या बरोबरीने धावू लागले. काटकुळीची नजर बॉलला चिकटलेली. गोलकीपर पुढे झेपावत होती. अजून चार पावलं, की पोरगी सरळ तिच्या पॅडवर जाऊन आदळणार होती. तिला दिसतच नव्हतं. आणि मैदानावर मान खाली घालून धावणारी पोरगी मास्तरांना आयुष्यात कधी बघवली नव्हती.

"मान वर!" ते ओरडले. "अगं, मान वर कर!"

काटकुळीने मान वर केली. गोलकीपर दिसली. तिने बॉल अलगद उजवीकडून काढला आणि मोकळ्या गोलात ढकलला.

भोंगा वाजला तेव्हा मास्तर रेषेवर धापा टाकत होते. मुलींपैकी काही रडत होत्या. वकील त्यांच्यापाशी आली.

"सर, ते तुम्ही कोणाला सांगत होता?"

"दम खाऊ दे गं."

"नाही, पण कोणाला?"

"ज्याची मान खाली असेल त्याला," मास्तर म्हणाले. "पास चांगला दिलास. गोंधळ माझा होता, जागा सोडून धावली तिला बोलू नका."

मुलगी धावतच आली. पाया पडू की मिठी मारू अशा गडबडीत तिचं डोकं त्यांच्या हनुवटीवर आपटलं.

"लागलं का, बाबा?"

"नाही. छान खेळवलंस."

"ते टॉवेलचं काय चाललं होतं? माझ्या मुली म्हणत होत्या, समोरचे सर माश्या हाकलतायत."

"तू बघत नव्हतीस?"

"तुमच्याकडे बघत बसले असते तर मॅच कोण बघणार होतं?" ती हसत म्हणाली. तेवढ्यात तिच्या मुलींनी तिला ओढून नेलं.

हे वाक्य मास्तरांना स्वतःलाच सुचलं असतं, तर त्यांनी ते ड्रेसिंगरूमच्या भिंतीवर लिहून ठेवलं असतं.

मैदानाच्या मधोमध फोटोची तयारी सुरू झाली. फोटोग्राफर मागे सरकत आला. "काका, जरा बाजूला व्हा. कप झाकला जातोय."

मास्तर बाजूला झाले. एवढ्यात तिकडून हाक आली, "आई, ये ना! तू ये आधी!" बायको बाकांवरून उतरून आली होती, आता मध्येच थबकली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"जा," ते म्हणाले. "आण ती पर्स इकडे."

ती गेली. केस सारखे करत मुलीशेजारी उभी राहिली. मास्तरांनी पर्स काखेत धरली. फोटोग्राफर डोळा मिटून बघत होता, पण रांग काही जमत नव्हती. मागच्यांचे चेहरे पुढच्यांच्या डोक्यांमागे जात होते.

"पुढच्यांनी गुडघ्यावर बसा," मास्तर ओरडले. "स्टिका आडव्या धरा!"

अख्खी पुढची रांग खाली बसली.