जपानीण वयनीची सुरी

मी सुरी. मासे कापायची, वीतभर लांब, पाठीला जाड आणि एकाच अंगानं धार लावलेली. मी जे सांगणार आहे ते गोड नाही. पण जे झालं ते माझ्याच पात्यानं झालं, तेव्हा ते मीच सांगावं हे बरं.

माझा जन्म जपानातला. कोबे नावाच्या बंदरात एका मासेवाल्याच्या दुकानात मी होते. त्याला हात्सुए नावाची तेरा वर्षांची मुलगी होती आणि कियोशी हा तिचा मोठा भाऊ. १९४५ सालच्या जूनमध्ये एका सकाळी विमानं आली आणि आभाळातून आग पडली. घरं लाकडाची, दारं कागदाची. अख्खी गल्ली बघता बघता पेटली. मासेवाला आणि त्याची बायको दुकानातच जळाली. तिसऱ्या दिवशी राख निवल्यावर हात्सुएनं काठीनं उकरून मला बाहेर काढलं. आणखी काय काय सापडलं ते मी सांगत नाही.

आगीत पोलाद मऊ पडतं. लोहारानं मला पुन्हा तापवून पाणी दिलं, घासून घासून धारेवर आणलं. त्यात मी बोटभर आखूड झाले. पण माझ्या जिवावर त्या दोन पोरक्या भावंडांनी रस्त्याकडेला मासे विकून पोट भरलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी एक बोट दुरुस्तीसाठी बंदरात थांबली. तिच्यावर सखाराम नावाचा खलाशी होता, आपल्या रत्नागिरीचा, पावसच्या बाजूचा. तो रोज बांगडे घ्यायला यायचा. एवढे बांगडे तो एकटा खात नसणार, हे मला हात्सुएच्या आधी कळलं. ती त्याच्याशी लग्न करणार म्हणाली त्या दिवशी कियोशीनं तिला केसांना धरून ओढलं आणि मासे कापायच्या फळीनं तिच्या तोंडावर मारलं. पुढचा एक दात तुटला. "गेलीस तर परत येऊ नको," तो ओरडला. तिनं रक्त पुसलं, त्याच टॉवेलात मला गुंडाळलं आणि निघाली.

सासरी तिचं नाव यमुना ठेवलं. पण गाव तिला जपानीणच म्हणायचं. सासू येसूबाई विळीवर बसून मासे कापायची, आणि ही उभी राहून फळीवर.

"काय गो, उभ्यानं कापतेस? पाय दुमडत नाय काय तुझे?"

हिला तेव्हा मराठीतला एकच शब्द येत होता. ती म्हणाली, "हो."

पडवीतल्या सगळ्या बायका हसल्या. मग हिनं एका घावात सुरमईचं डोकं वेगळं केलं, तशी येसूबाई म्हणाली, "मेलीचा हात बघा! उद्यापासून मोठं म्हावरं हिच्याकडं द्या." त्या दिवसापासून आमचं त्या घरात बस्तान बसलं.

सखारामनं बोट सोडली आणि दोघांनी पहारीनं कातळ फोडून हापूसची चाळीस कलमं लावली. खड्ड्यांत माती बाहेरून आणून भरली, आणि मातीखाली माशांची डोकी आणि आतडी घातली. ती सगळी मी कापलेली. म्हणून ती झाडं थोडी माझीही आहेत असं मी समजते.

त्यांना मूल झालं नाही. येसूबाई गेली, आणि त्र्याऐंशी साली सखारामही गेला. तोवर धाकटा दीर महिपत मुंबईहून परत आला होता. गिरण्यांचा संप लांबला, नोकरी गेली, बायको माहेरी निघून गेली. पहिले काही महिने तो नुसता पडवीत बसून असायचा. मग प्यायला लागला. पहिली थप्पड आमटी अळणी झाली म्हणून होती. नंतर कारण लागेनासं झालं. एकदा त्यानं होडीच्या ओल्या दोरानं तिला इतकं मारलं, की चार दिवस तिला मला धरता आलं नाही. वर म्हणायचा, "वयनी, बागेच्या कागदावर सही कर आणि जा तुझ्या देशात. तुझं हितं कोण आहे?"

आणि त्याच सुमाराला कियोशीचं पत्र आलं. अठ्ठावीस वर्षांनी. 'मी म्हातारा झालो. घरात एक खोली रिकामी आहे. ये.' सोबत विमानाचं तिकीट. तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. इतक्या वर्षांनी ती भाषा कानावर पडली आणि वाचता वाचता तिचाच आवाज अडखळला.

शेजारची गोदूबाई बांगडे साफ करून घ्यायला आली होती. तिला हात्सुए म्हणाली, "तिथं भाऊ आहे. इथं झाडं आहेत. काय करू?"

"भावानं दात पाडलान ना तुझा?"

"हो."

"आणि हितं?"

"इथं पण मारतात."

"मग मार खायचाच, तर सवयीचा खा की बाय!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. 

शेवटी महिपतच म्हणाला, देवाला विचारू. आपल्याकडे घरातला तंटा सुटला नाही की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात काय झालं ते मला गोदूबाईच्या बोलण्यातून कळलं. धोंडू गुरवानं विचारलं, हिनं आपल्या देशात जावं काय? उजवी कळी पडली. हात्सुएनं हात जोडले आणि म्हणाली, "देव बोलला. आंबा उतरला की सही देते आणि जाते. पण भावजी, झाडं सांभाळा."

त्या रात्री ती शांत झोपली. मला वाटलं, ठरलं एकदाचं.

महिपतला मात्र आंबा उतरेपर्यंत दम नव्हता. आंब्याच्या पेट्यांसाठी लाकूड घेणाऱ्या एका ठेकेदाराशी त्यानं चाळीसच्या चाळीस झाडांचा सौदा केला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मासे कापत होती आणि बागेतून कुऱ्हाडीचा आवाज आला. ती तशीच धावली, मला हातात घेऊन. झाडं मोहरानं भरलेली होती. तीन आडवी पडली होती आणि मोहर मातीत तुडवला गेला होता. चौथ्यावर घाव चालू होते.

"भावजी, थांबा! देवीपुढं सांगितलं ना, सही देते म्हणून!"

"देवी तुला जा म्हणालीय. झाडांचं काय बोलली नाय."

ती आडवी गेली. त्यानं तिच्या पोटात लाथ मारली. ती पडली, उठली, परत आडवी गेली. त्यानं तिचं डोकं खोडावर आपटलं आणि तिला बाजूला फेकलं. मग तिच्याकडे पाठ करून त्यानं डावा हात बुंध्यावर टेकवला आणि उजव्यानं कुऱ्हाड उगारली.

तेव्हा ती उठली. तो तिला मारत नव्हता तेव्हा, हे मी लपवणार नाही. एकच घाव, सुरमईवर घालते तसा. त्याची दोन बोटं मातीत पडली.

तो गुरासारखा ओरडला. तिनं मला टाकलं, त्याचा हात उंच धरला, पदर फाडून मनगट आवळलं आणि गोदूबाईला हाका मारमारून टेम्पो मागवला. रत्नागिरीच्या दवाखान्यापर्यंत तिनं तो हात खाली येऊ दिला नाही.

पोलीस ठाण्यात मी टेबलावर होते. हात बांधलेला महिपत बाकावर बसला होता. फौजदार तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तिकीट आहे म्हणे. हा तक्रार देत नाही. तुम्ही सही करा आणि विमानात बसा. आम्हालाही कागद काळे करायला नकोत."

"कौल पण तोच हाय, वयनी," महिपत हळूच म्हणाला. "जा तू."

ती उठून टेबलाजवळ आली. मग म्हणाली, "देवी जा म्हणाली. पळून जा असं नाही म्हणाली. साहेब, मी याची बोटं तोडली, लिहून घ्या. यानं मला काय केलं तेही लिहा. मी कुठं जात नाही. सदतीस झाडं उभी आहेत, त्यांना पाणी कोण घालणार? हा तर आता घालू शकत नाही."

फौजदारांनी डोक्याला हात लावला आणि मग कागद पुढे ओढला.

तेव्हापासून मी इथं मुद्देमालाच्या खोलीत आहे. मुठीला दोरीनं चिठ्ठी बांधली आहे. धारेवर गंज चढलाय, रक्ताखालून. हवालदार आपसात बोलतात त्यावरून कळतं, की कोर्टाच्या तारखेला ती दोघं एकाच एस.टी.नं येतात. तो खिडकीशी बसतो. उतरताना त्याची पिशवी ती घेते.

मला मासा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तो कळणं हे हाताचं काम. पण तिच्या हाताला मी जवळजवळ चाळीस वर्षं धारेची सवय लावली. न्यायाधीशसाहेब, ऐकू जात असेल तर एवढं करा. जी काही सजा द्याल, तिच्यातली अर्धी माझ्या नावावर लिहा.