गाळलेली सहा पानं

सेयदे-अपांच्या नजरेचा मधलाच भाग गेला, कडेकडेचा तेवढा राहिला. समोर माणूस आलं की चेहरा दिसायचा नाही, कान आणि खांदे दिसायचे. नारीन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, हे आता मागे फिरणारं नाही. अक्षरं मोठी करा आणि खिडकीशी बसा.

ज्या बाईने चाळीस वर्षं पोस्टात काम करताना आलेलं प्रत्येक मासिक वर्गणीदाराच्या आधी वाचून काढलं, तिला हे सांगणं म्हणजे जेवण बंद करा असं सांगण्यासारखंच होतं. तिची मुलगी बुरुल औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. ती संध्याकाळी घरी येई तेव्हा अपा खिडकीशी बसलेल्या असत, मांडीवर जुनं मासिक उघडं आणि नजर भिंतीकडे.

बुरुलचा भाऊ रशियात बांधकामावर होता. त्याने ओळखीच्या माणसाबरोबर आपला जुना ई-रीडर पाठवला. पाटीएवढं यंत्र, पण त्यात अक्षर बोटाच्या पेरापर्यंत मोठं करता यायचं. बुरुलने रविवारी बसून पुस्तकं शोधायला सुरुवात केली. हक्क संपलेली रशियन पुस्तकं फुकट मिळत होती, हवी तेवढी. काही दुकानांत नानच्या दोन भाकऱ्यांच्या भावात नवी पुस्तकंही होती. तिने दहाबारा भरून दिली.

दोन दिवसांनी अपांनी यंत्र बाजूला ठेवलं. "रशियन मी हपिसात वाचायची. घरात आपल्या भाषेतलं दे काहीतरी."

किर्गिझ पुस्तकं मिळायला मात्र जीव मेटाकुटीला आला. जी सापडत ती पानांचे फोटो काढून कोणीतरी चढवलेली. यंत्रात ती उघडत, पण अक्षर मोठं करायला जावं तर पानच कडेने बाहेर पळे. फोटोतून अक्षरं ओळखणारं एक फुकटचं साधन बुरुलने वापरून पाहिलं. त्याला किर्गिझची तीन खास अक्षरं कळायचीच नाहीत. अपांनी एक परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "हा लेखक दारू पिऊन लिहितो का गं?"

मग एक दिवस त्यांनीच नाव काढलं. "जुमाकादिरचं पुस्तक घाल ना त्यात. घेतलं खरं, पण वाचायच्या आत डोळे गेले."

जुमाकादिर-अगाय म्हणजे गावातल्या शाळेचे निवृत्त भूगोल शिक्षक. बुरुलही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ऐंशीच्या घरात असताना त्यांनी आपल्या लहानपणावर पुस्तक लिहिलं होतं. कारा-चिय ही जुनी वस्ती, तिथली माणसं, कुरणं, हिवाळे. स्वतःच्या खर्चाने तीनशे प्रती छापल्या आणि ओळखीपाळखीत विकल्या. अपाही मूळच्या कारा-चियच्याच. अगायनी त्यांच्या प्रतीवर सही करून दिली होती.

हे पुस्तक इंटरनेटवर असण्याचा प्रश्नच नव्हता. बुरुलने ते स्वतःच टाइप करायचं ठरवलं. सकाळी दुकानात जाण्याआधी एक तास आणि रविवारची दुपार. अपा शेजारी चहा ओतायच्या आणि विचारायच्या, "कुठवर आलीस? आमच्या वेळची ती बर्फातली घोडी आली का?"

नवव्या प्रकरणात बुरुलचे हात थांबले.

सहा पानं होती. बावन्न सालचा हिवाळा. अगायचे वडील तुर्गुन सामूहिक शेतावरचे मेंढपाळ. घरात लहान पोरं उपाशी, म्हणून त्यांनी शेताच्या अकरा मेंढ्या मोजणीच्या वेळी दरीत लपवल्या. मेंढपाळांच्या टोळीच्या मुकादमाने वर कागद लिहून कळवलं. घोड्यावरून दोन माणसं आली. तुर्गुनना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि चौथ्याच वर्षी ते तिकडे कैद्यांच्या छावणीतच वारले. मुकादमाचं नाव दिलं होतं, ओस्मोनकुल. खाली अगायनी लिहिलं होतं: मी त्याला दोष देत नाही, त्याच्याही घरात खाणारी तोंडं होती. पण त्याचं नाव लिहिल्याशिवाय मला माझ्या वडिलांचं नाव लिहिता येत नाही.

ओस्मोनकुल म्हणजे अपांचे वडील. खोगिरावर पुढे बसवून मुलीला कुरणात नेणारे, तिच्यासाठी खिशात कुरुतचा, वाळवलेल्या दह्याचा, खडा ठेवणारे. बुरुलने आजोबांच्या या गोष्टी शंभर वेळा ऐकल्या होत्या. अपांजवळ आता दिसण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, जे होतं ते आठवणीतलंच.

मग तिने ती सहा पानं सोडून दिली. दोन्हीकडची टोकं जुळेनात, म्हणून मध्ये आपलं एक वाक्य घातलं: त्या हिवाळ्यानंतर वडील आजारपणात गेले.

अपांनी पुस्तक पंधरा दिवस पुरवून पुरवून वाचलं. जेवताना त्यातलीच माणसं, झोपताना त्यातलीच. "माझ्याबरोबर शाळेत होता तेव्हा जुमाकादिर तोंड उघडायचा नाही," त्या म्हणाल्या, "आणि आतमध्ये एवढं भरून ठेवलेलं."

बिश्केकला अपांची मैत्रीण होती, अनारकान. तीही कारा-चियचीच, तिचेही डोळे अधू. अपांनी फोनवर तिला पानंच्या पानं सांगितली आणि मग बुरुलच्या मागे लागल्या. "पाठव गं तिला. काय झिजणारेय का?"

बुरुल म्हणाली, "अगायना विचारायला हवं."

"एकट्या अनारकानला पाठवायला कसलं विचारायचं? माझ्या हातातलं पुस्तक मी तिला दिलं असतं तर विचारलं असतं का?"

बुरुलने पाठवलं. अनारकानने सुनेकडे दिलं, सुनेने वाचकांच्या एका ग्रुपवर टाकलं. तिथे किर्गिझ पुस्तकं फुकट मिळतात म्हणून देशभरातले आणि रशियात मजुरीला गेलेले हजारो लोक होते. महिनाभरात पुस्तक कुठल्या कुठे गेलं. मॉस्कोतल्या एका टॅक्सीवाल्याने लिहिलं की गिऱ्हाइकाची वाट बघता बघता वाचून काढलं आणि गाव आठवलं. बुरुलने ते अपांना वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

मग एका सकाळी जुमाकादिर-अगाय रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात आले. गोळ्या मागायच्या आधी त्यांनी खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला.

"नातीने पाठवलंय. बघ जरा. माझं पुस्तक फुकट वाटतायत."

"वाईट झालं, अगाय," बुरुल म्हणाली.

"वाटेनात का. दुसऱ्या छपाईसाठी चाळीस जणांनी नावं दिली होती, त्यातले निम्मे म्हणतात फोनवर वाचलं. तेही चालेल. पण हे बघ." त्यांनी बोट ठेवलं. "माझा बाप आजारपणात गेला म्हणे. असं मीच लिहिलंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "कोणाला खुपलं असेल, बुरुल? वरून कोणी काढायला लावलं असेल का? सत्तर वर्षांनीसुद्धा?"

त्या क्षणी सांगायचं होतं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, पण ती नसती तरी तिने सांगितलं असतं की नाही कोण जाणे. तिने गोळ्या पुढे केल्या आणि म्हणाली, "जेवणानंतर एक."

पुढचे तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. अगाय गावभर लोकांना विचारत फिरतायत असं कानावर आलं. कोणी म्हणे सरकारी माणसांचं काम, कोणी म्हणे म्हाताऱ्याला भ्रम झालाय, त्यानेच तसं लिहिलं असेल. दुसरं ऐकल्यावर मात्र तिला राहवलं नाही. रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली.

अगाय एकटेच होते. त्यांनी तिला बसवलं, नान पुढे केला. तिने नानला हात लावला नाही.

"ती पानं मी काढली, अगाय. अपांसाठी पुस्तक टाइप करत होते. त्यांनी ते वाचू नये असं वाटलं. पुढे एवढं पसरेल हे मनातही नव्हतं."

अगायनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "आणि ते वाक्य?"

"तेही माझंच."

"माझ्यासारखं जमलंय. निबंधाला मार्क उगीच देत नव्हते तुला." ते हसले नाहीत. "माझ्या आईने चार वर्षं वाट पाहिली. मग एक कागद आला. मी दुसऱ्या गावच्या शाळेतून पळत घरी आलो आणि तिला वाचून दाखवला, तिला वाचता यायचं नाही. त्यात काय होतं सांगू? आजारपणात गेला. एवढंच. तेच शब्द. ते पुसायला मी ऐंशी वर्षांचा होईपर्यंत थांबलो, आणि तू ते परत लिहिलेस."

बुरुलला रडू आलं. अगायनी तिला गप्प केलं नाही.

"तुझ्या आईला मी सही करून प्रत का दिली असेल?" ते म्हणाले. "ओस्मोनकुलची मुलगी म्हणून दिली. वर्षभर वाट बघतोय, ती वाचेल आणि काहीतरी बोलेल."

"त्यांना दिसत नाही, अगाय."

"ते मला कुठे माहीत होतं?"

त्यांनी तिला पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन बोलावलं. ते ती सहा पानं मोठ्याने वाचत गेले आणि ती टाइप करत गेली. दोन ठिकाणी त्यांचा आवाज बसला तेव्हा ती थांबली, आणि ते म्हणाले, "चालू ठेव." आपलं वाक्य तिने त्यांच्यासमोर खोडलं.

ग्रुप चालवणाऱ्या बाईला बुरुलने सगळं खरं लिहून कळवलं. त्या भल्या बाईने जुनी फाइल काढून नवी लावली. पण ज्यांच्या फोनात जुनी गेली होती, त्यांच्याकडून ती पुढे जातच राहिली. लोक वाद घालू लागले की दोन्हींतलं खरं पुस्तक कुठलं. एकाने लिहिलं, छोटं बरं आहे, त्यात रडारड नाही. बुरुलने उत्तर दिलं, कोणी वाचलं नाही. तिने पुन्हा दिलं.

अपांचं काय करायचं ते अगायनी तिच्यावरच सोडलं होतं. तिने यंत्रात पुरी फाइल घातली आणि सांगून टाकलं, "नववं प्रकरण परत वाच, अपा. मी त्यातलं काढलं होतं."

अपांनी मान तिरपी करून, नजरेच्या कडेने, एकेक ओळ वाचली. दोन दिवस लागले. मग यंत्र उशाशी ठेवून त्या म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत, बुरुल. अजून मी कुक्कुलं बाळ झालेली नाही."

"चुकले मी."

"माझी आई त्या हिवाळ्यात शेजारी जायची बंद झाली. आमच्या दारावरून कोणी गेलं की ती चुलीकडे तोंड करायची. मी विचारलं तर मला मारलं होतं. आता कळलं का मारलं ते."

चार दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. अनारकानचा फोन आला तोही घेतला नाही. पाचव्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून दारात उभ्या राहिल्या. "चल, मला त्याच्याकडे ने."

अगायनी दार उघडलं. अपांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्या त्यांच्या खांद्याकडे बघत होत्या.

"मी वाचलं," अपा म्हणाल्या.

"ये, बस."

बुरुलने चहा ओतला. मग अपांनी विचारलं, "तुझ्या बापाची कबर कुठेय?"

"माहीत नाही. तिकडेच कुठेतरी. कोणी सांगितलं नाही."

अपांनी मान हलवली. चहा गार झाला. निघताना अगाय फाटकापर्यंत आले, पुन्हा या असं म्हणाले नाहीत.

परतताना रस्त्यावर बर्फ घट्ट झालं होतं. अपांनी बुरुलचा दंड धरला होता.

"तो काही म्हणाला का गं, परत या वगैरे?"

"नाही, अपा."

अपा थोडं चालल्या. "मग आपणच जाऊ," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी."