डोरथीची जांभळाची बरणी

त्या रविवारी साल्वादोरला मिळण्यासारखं पुष्कळ होतं. समुद्राकडे तोंड असलेलं घर, मागची विहीर, विहिरीवर वाकलेले सात माड, रोज सकाळी दोस्त महादूच्या होडीपाशी उभं राहून नको असलेला सल्ला द्यायचा हक्क, आणि चर्चच्या मागे बायको डोरथीच्या कबरीशेजारी राखलेली जागा. खरं तर हे सगळं त्याचंच होतं. पण म्हातारपणी माणसाला स्वतःचंच पुन्हा जिंकून दाखवावं लागतं. अट एवढीच होती, की जेवणाआधी त्याच्या दोस्तांनी एक घोट घ्यावा आणि म्हणावं, "ही डोरथीच्या घरची वायन."

मित्रांनो, मी तेव्हा तिथेच होते, सोप्यातल्या स्टुलावर. मी एक जुनी बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, पंधरा लिटरांची. त्या दिवशी साल्वादोरने मला धुऊन पुसून, गळ्यात अबोलीची वेणी घालून तिथे बसवलं होतं. डोरथी बसायची ती जागा मोकळी दिसू नये म्हणून. मला उठून जाता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं मला बघावं लागलं.

माझा जन्म घाटावरच्या एका भट्टीतला. भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मला आंबोलीच्या वळणांवरून खाली आणलं आणि मसुऱ्याला आंगणेवाडीच्या जत्रेत रस्त्याकडेला ओळीत उभं केलं. डोरथी तेव्हा नवी नवरी. महादूच्या आईबरोबर ती जत्रेला आली होती. तिने एकेका बरणीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली आणि माझ्यापाशी थांबली.

"हिचो आवाज बरो आसा," ती म्हणाली.

"बरणी घेतंस गो, काय देवळाची घंटा?" महादूच्या आईने विचारलं.

अशी मी त्या घरात आले. मग चाळीस वर्षं माझं काम एकच, जांभळाची वायन, म्हणजे घरची वाइन, मुरवायचं. मे संपताना जांभळं यायची. डोरथी ती धुऊन, हाताने कुस्करून, साखर, मूठभर गहू आणि चिमूटभर यीस्ट घालून माझ्या पोटात भरायची. तोंडाला मलमलीचं फडकं बांधायची आणि रोज सकाळी माझ्या पोटाला कान लावायची. आत बुडबुड ऐकू आली की म्हणायची, "बोलता." एकवीस दिवसांनी गाळायची, बाटल्या भरायची, बुचावर लाख ओतायची. त्या वायनीची चव मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचं ते वय नाही आणि मला जीभ नाही. पण पिणाऱ्यांचे चेहरे मी चाळीस वर्षं पाहिले आहेत. चेहरा वाचण्यात माझी सहसा चूक होत नाही.

एका वर्षी घाईत डोरथीने माझ्यात उकळतं पाणी ओतलं. आतल्या झिलईला केसासारख्या बारीक चिरा पडल्या. बाहेरून काहीच दिसेना. तिने हात आत घातला, डोळे मिटून बोटं फिरवली, आणि तिला कळलं. दुसऱ्या एखाद्या बाईने मला परसात नेऊन माझ्यात कोरफड लावली असती. डोरथीने माझ्यासाठी एक नियम केला. या बरणीत जांभळाखेरीज काही घालायचं नाही. मीठ तर नाहीच. चिरांमध्ये जे शिरेल ते राहील. हा नियम तिच्या डोक्यात होता. कुठे लिहिलेला नव्हता. घरातले नियम कोण लिहून ठेवतो?

आता 'वायनीची दुपार' म्हणजे काय ते सांगते. नाताळानंतरच्या रविवारी चार घरं साल्वादोरच्या सोप्यात जमायची. प्रत्येकाने आपल्या घरची बाटली आणायची. शाळेतून निवृत्त झालेले इनासमास्तर आल्याची आणायचे, महादू काजूच्या बोंडांची, शेजारची किशोरी रातांब्याची, आणि साल्वादोरच्या घरची जांभळाची. बाटल्या सगळ्यांना डोरथीनेच एकसारख्या वाटलेल्या. गळ्याशी, लाखेखाली, ज्याच्या त्याच्या घराचा रंगीत दोरा. मग स्वयंपाकघरात कुणीतरी त्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, उलटसुलट करायचं आणि नंबर घालायचे. लाख लावल्यापासून त्या दुपारपर्यंत कुणी आपली बाटली उघडायची नाही. आणि कागद निघेपर्यंत कुणी कुणाचं मन राखायचं नाही. जे जिभेला वाटलं ते तोंडाने बोलायचं. वर्षभर गोड बोलून दमलेल्या माणसांना ही एक दुपार पुरायची.

मार्चमध्ये डोरथी गेली. महिन्याच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मुलगा डेन्झिल आणि सून मेल्विना वसईहून आली. त्याच आठवड्यात वारा सुटला आणि कैऱ्यांचा सडा पडला. मेल्विना कामाची पोरगी, तिला वाया गेलेलं बघवत नाही. तिने रिकामी बरणी शोधली. सापडले मी. तिने कैऱ्या धुतल्या, माझ्यात भरल्या आणि वर ओंजळी ओंजळीने मीठ घातलं.

साल्वादोर समोरच खुर्चीत बसला होता. त्याला तो नियम ठाऊकच नव्हता. चाळीस वर्षं त्याने वायन प्याली, पण बायको बरणी धुते तेव्हा मागे उभं राहून एकदाही बघितलं नव्हतं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

संध्याकाळी बापलेकाचं वाजलं.

"पप्पा, तू एकटो कसो रवतलंस? वसईक चल. तुका साधो भात शिजवूक येना नाय."

"भात कोण पण शिजयता. मी तुझ्या मम्मीची वायन करून दाखयतंय."

"कर तर! नाताळाक तुझ्या दोस्तांनी मम्मीची म्हणून ओळखली, तर मी परत वसईचा नाव काढूचंय नाय. नाय ओळखली तर बॅग भरायची."

"भरतंय. शब्द दिलो."

मे महिन्यात मेल्विना परत आली आणि खारातल्या कैऱ्या वाटून मोकळी झाली. महादूला दिल्या, मास्तरांना दिल्या, किशोरीला दिल्या, उरल्या त्या वसईला नेल्या. मग साल्वादोरने मला धुवायला घेतलं. तीनदा धुतलं, तीन दिवस उन्हात उपडी घातलं. डोरथीनेही इतकं केलं नसतं. जांभळं स्वतः झाडाखालून वेचली, मलमल नवी आणली, सकाळी गुडघे धरत वाकून माझ्या पोटाला कान लावला. मी बोलत होते, पण अडखळत. त्याला वाटलं, मलाही दुःख झालंय. गाळताना त्याने बोट बुडवून चाटलं, पण चाटताना डोळे मिटले आणि बायको आठवली. अशाने चव कशी कळायची?

महादू आणि मास्तर यांना पैजेची खबर होती. त्या रविवारी दोघे पायरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, चपला काढता काढता कुजबुजले.

"जांभळाची इली काय डोळे झाकून डोरथीचा नाव घेवचा," महादू म्हणाला.

"आणि वायट असली तर?"

"तर मोठ्यान घेवचा."

बेत पक्का होता. किशोरीला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. ती नेहमीसारखी रातांब्याची आणणार, तिचा काय संबंध, असा त्यांचा हिशेब. त्यांना हे ठाऊक नव्हतं की आजारपणात डोरथीने उशाशी बसवून किशोरीला जांभळाच्या वायनीचं सगळं प्रमाण सांगितलं होतं, आणि किशोरीने ते वहीत उतरवून घेतलं होतं. यंदा डोरथीची उणीव भासू नये म्हणून किशोरीने रातांबे बाजूला ठेवले. गुपचूप, एका काचेच्या नव्या बरणीत तिने जांभळं घातली. सगळ्यांना चकित करायचं होतं तिला.

डेन्झिलने दुकानातली एक लाल वायन आणली होती. तीही मेल्विनाने तसल्याच बाटलीत ओतली. यंदा गुंडाळायचं काम तिचं होतं. म्हणजे पाच बाटल्या झाल्या.

पहिली आली. महादूने घोट घेतला आणि छाती धरली. "मास्तरांची! ही वायन आसा काय छडी?" मास्तर खूश झाले. त्यांना दरवर्षी हेच ऐकायचं असतं.

दुसरी काळीजांभळी. महादूने घोट घेतला आणि उठून अंगणात थुंकला. "अरे बापरे! हेच्यात बांगडे मुरवा!"

मास्तरांनी नाक पेल्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "खारट लागता. बाटली दर्यात बुडलेली काय?"

मग सगळ्यांच्या माना डेन्झिलकडे वळल्या. रंग गडद आणि चव अशी, म्हणजे ही दुकानातलीच.

"डेन्झिल, दुकानवाल्यान तुका शेंडी लायल्यान रे!"

"असात," डेन्झिल हसत म्हणाला. "आमका वसईवाल्यांक कसली अक्कल!"

सगळ्यांत जास्त साल्वादोर हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. त्याने आपला पेला पायरीपाशी नेऊन अळवाच्या वाफ्यात रिकामा केला आणि म्हणाला, "अळू मेला तर डेन्झिल भरून देतलो!" पुन्हा सगळे हसले. स्वयंपाकघराच्या दारात मेल्विना इडलीसारख्या सान्नांचं ताट घेऊन उभी होती. तिनेच नंबर घातले होते. ताट तिने छातीशी धरलं आणि ती आत गेली.

तिसरी महादूची. तिच्यावर नेहमीचे विनोद झाले.

चौथी ओतली. तीही काळीजांभळी. मास्तरांनी घोट घेतला आणि चष्मा काढून हातात धरला. महादूला मोठ्याने ओरडायचं होतं, बेत होता ना. पण तो विसरला. तो हळूच म्हणाला, "ही डोरथी." डोरथीची असंही म्हणाला नाही.

साल्वादोरने घोट तोंडात ठेवला, गिळेना. मग सावकाश गिळला. "माझी," तो म्हणाला. "ही माझीच. जमली माका." किशोरी पदराआड हसत होती. तिला वाटलं, थट्टा चाललीय, आता कागद निघाला की मजा.

डेन्झिलने बापापुढे मान वाकवली. "हरलंय, पप्पा." आणि मित्रांनो, तो चेहरा मी वाचला. हरल्याचा त्याला आनंद झाला होता.

"आधी जेवून घ्या ना," मेल्विना घाईने पुढे आली. "सान्नां थंड होतायत. कागद मागाहून काढू."

"थांब गो. आज माका काढूंदे." पाचवी बाटली बाकी होती, पण साल्वादोरला दम नव्हता. त्याने चौथीचा कागद टरकावला. गळ्याला हिरवा दोरा होता, किशोरीच्या घरचा.

"डोरथीबायनच माका सांगलेला सगळा," किशोरी टाळी वाजवून म्हणाली. "कशी झाली? खरा सांगा!" मग तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचे हात तसेच हवेत राहिले.

दुसऱ्या बाटलीला कुणी हात लावेना. साल्वादोरनेच ती उचलली. कागद सावकाश, चुरगळू न देता काढला. पांढरा दोरा, त्याला त्याच्याच हातची, होडी बांधायची दुहेरी गाठ.

महादूने डोकं धरलं. "आमी खोटा बोलूक इल्लंव रे साल्वादोर, आणि तोंडातसून खरा गेला."

"खोटा बोलूक इल्लास?" साल्वादोरने विचारलं. हे त्याला नवीन होतं. मला वाटतं, दोऱ्यापेक्षा हेच त्याला जास्त लागलं.

"पप्पा," डेन्झिल म्हणाला, "तेव्हा मी मस्करेत म्हटललंय. तू हयच रव."

"तू मस्करेत म्हटलंस, माका ठाऊक आसा. मी मस्करेत म्हणूक नव्हतंय."

मग सगळे जेवले. ताटं वाढलेली होती, उठून जाणं बरं दिसलं नसतं. किशोरीने एक सान्ना चार वेळा मोडला. पाचवी बाटली कुणी उघडलीच नाही.

जानेवारीत साल्वादोरची बॅग भरली गेली. जाण्याआधी त्याने मला उचलून कुंपणापलीकडे किशोरीच्या पडवीत नेऊन ठेवलं. "तिची वायन तुझ्याकडे आसा, तर बरणी पण तुझ्याकडे रवांदे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर किशोरीला पुढे सोपं गेलं असतं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. घरातलं जुनं भांडं हाती घेताना आधी विचारा, यात काय घालतात आणि काय नाही. आणि सांगणारं माणूस असेल तोवरच विचारा. भांडी सांगत नाहीत. दुसरी गोष्ट, कुणाच्या हातचं तोंडात घेऊन थुंकण्याआधी करणाऱ्याने त्यात काय घातलं असेल याचा एक क्षण विचार करा. कागद नंतरही काढता येतो.

बाकी झालं ते असं. डेन्झिलने बाप नेला. तो आता वसईला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसलेला असतो, विचारलं तेवढंच बोलतो. महादूच्या होडीपाशी सल्ला द्यायला कुणी येत नाही आणि महादूला तो सल्ला हवासा वाटतो. मास्तरांनी आलं लावणं सोडलं. वायनीची दुपार पुन्हा झाली नाही. किशोरीच्या वहीतलं ते पान तसंच आहे, पण तिने पुन्हा जांभळं घातली नाहीत. मे संपला की ती मला तीनदा धुते, तीन दिवस उन्हात उपडी ठेवते, तोंडाला कोरी मलमल बांधते आणि रिकामीच परत फळीवर ठेवते.

मिठाचं कुणालाच कळलं नाही. साल्वादोरला वाटतं, आपला हात वाईट. मेल्विना अजूनही फोनवर किशोरीला सांगते, त्या वर्षीसारख्या कैऱ्या पुन्हा जमल्या नाहीत. खरंच चांगल्या झाल्या होत्या. महादूने खाल्ल्या, मास्तरांनी खाल्ल्या, किशोरीने पेजेबरोबर महिनाभर पुरवल्या, डेन्झिलने वसईला मित्रांना वाटल्या. साल्वादोरला आंबट सोसत नाही, त्याने एकही फोड तोंडात घातली नाही. त्या कैऱ्यांची किंमत मात्र त्याने एकट्याने भरली.