मधल्या भिंतीतली जाळी

मी गवंडी. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि त्यातून सवड काढून एक स्वतःचं बांधलं. या घराची मधली भिंत दीड फुटाची आहे. नवं गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी चहा पाजायचो आणि मग या भिंतीसमोर उभं करायचो. "हात फिरवून बघा. इतक्या वर्षांत केसाएवढी भेग दिसते का?" गिऱ्हाईक हात फिरवायचं आणि काम मला मिळायचं.

भेग दिसत नव्हती, कारण ती मी बुजवली होती. घर बांधलं त्या वर्षी हातात दुसरं मोठं काम होतं. घरच्या गिलाव्यावर पाणी मारायचं राहून गेलं. दुसरीकडे पाणी कमी पडलं तर कामगारांच्या सात पिढ्या उद्धरणारा मी, आणि माझीच भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. बायको आठ दिवस बहिणीकडे गेली तेव्हा मी दोन्ही बाजूंचा गिलावा खरवडला, भिंतभर लोखंडी जाळी ठोकली आणि वर नवा गिलावा चढवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत जाळी आहे हे बायकोलासुद्धा कधी कळलं नाही.

भिंतीच्या अलीकडे बाहेरची खोली, तिथं नेटचा डबा. पलीकडे पोरीची खोली, तिथं नेटच्या नावानं शंख. ती कॉम्प्युटरवर कुणाशी बोलायला लागली की तिचं चित्र तोंड उघडं ठेवून थिजायचं. "दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसतेस," तिची आई म्हणायची. पोरगी हसायची, पण अलीकडे हसणं कमी झालं होतं.

ती गणित शिकवते. फार छान शिकवते, बाप म्हणून सांगत नाही. तिची आधीची संस्था बंद पडली आणि ती वर्षभर घरी होती. मग घरबसल्या शिकवायची एक नोकरी आली. दोन फेऱ्या पार पडल्या, तिसरी उरली. तीन परीक्षकांसमोर अर्धा तास शिकवून दाखवायचं. अट अशी की खोली बंद हवी आणि मागून आवाज नको. बाहेरची खोली रस्त्याला लागून, तिथं दिवसभर हॉर्न. म्हणजे तिचीच खोली.

"बाबा, या वेळी नाही झालं तर मी शिकवायचा नाद सोडणार," ती म्हणाली. "किती दिवस वाट बघायची?"

आदल्या दिवशी तिनं नेटवाल्याला बोलावलं. शांत माणूस. फोन हातात धरून दोन्ही खोल्यांतून फिरला, भिंतीवर टिचक्या मारल्या.

"काका, नुसती जाड भिंत एवढं अडवत नाही. आत जाळीबिळी आहे का?"

चोराच्या मनात चांदणं. "कसली जाळी?" मी विचारलं.

"गिलाव्याखाली मारतात ना, ती. असेल तर भोक पाडून वायर पलीकडे न्यावी लागेल. अर्ध्या तासाचं काम. नसेल तर हा छोटा डबा पलीकडे लावला तरी भागेल."

मी काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "अहो, माझ्या बाबांनी स्वतः बांधलीय ही भिंत. ते सांगतील ते खरं. काय बाबा, आहे का?"

"जाळी कच्च्या कामाला लागते," मी म्हणालो. "माझ्या नाही."

किती सहज बोललो! जीभ जरासुद्धा अडखळली नाही. नेटवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि पिशवीतून छोटा डबा काढला. लावून बघितला तर पडद्यावर चित्र अगदी स्वच्छ. पोरीनं टाळी वाजवली. खोलीचं दार मात्र सताड उघडं होतं. नेट दारातून येतंय, भिंतीतून नाही, एवढं मला कळत होतं. दार लावून बघ, एवढंच म्हणायचं होतं. मी मूग गिळून बसलो.

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं दार लावलं. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलो होतो. पाच मिनिटं तिचा आवाज नीट येत होता. मग, "ऐकू येतंय का?" थोड्या वेळानं पुन्हा, "हॅलो, आता येतंय का?" प्रत्येक वेळी आवाज वर चढत होता. मग दार धाडकन उघडलं आणि ती कॉम्प्युटर छातीशी धरून बाहेर धावत आली. माझ्या समोरच जमिनीवर बसली. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. पडद्यावरच्या बाई फार सौजन्यानं बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही चांगलं शिकवता, पण मुलांपर्यंत आवाजच पोहोचला नाही तर आम्ही काय करणार? मग पडदा काळा झाला.

पोरगी रडली नाही. "त्या माणसानं काम नीट केलं नाही," ती म्हणाली. "आता फोन करून चांगला झापते त्याला."

ती नंबर शोधायला लागली. तिथं मात्र माझ्यानं राहवेना. चूक माझी, आणि बोलणी तो भला माणूस खाणार.

"त्याला काही बोलू नकोस ग. भिंतीत जाळी आहे."

तिनं मान वर केली. मी सगळं सांगितलं: न मारलेलं पाणी, तडा, आठ दिवस, जाळी. सांगताना तिच्या पावलांकडे बघत होतो. लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"काल सांगितलं असतंत तर?" एवढंच ती म्हणाली.

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

पोरीनं कॉम्प्युटर मिटून बाजूला ठेवला. मग पोरीनं विचारलं, आवाजात राग अजिबात नव्हता, "बाबा, वरचा स्लॅब तरी धड आहे ना?"

"पक्का आहे ग. तुझी शपथ. त्याला मी स्वतः पंधरा दिवस पाणी मारलंय."

"बरं," ती म्हणाली. आणि तरीही तिनं मान वर केली आणि छत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नीट बघून घेतलं.