तात्यांचा खटला

ऋतिकाने काळी ओढणी गाऊनसारखी खांद्यावर टाकली आणि खुर्ची वडिलांच्या कॉटसमोर ओढली.

"आरोपी सर्जेराव, डब्यातल्या शंकरपाळ्या चोरल्याचा आरोप तुमच्यावर आहे. कबूल?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

धायरीतल्या त्या फ्लॅटमध्ये कायद्याचा अभ्यास असाच चाले. नुसतं घोकून ऋतिकाच्या डोक्यात काही राहत नसे. तात्यांना आरोपी करून कलम समजावलं की ते पक्कं बसे. पूर्वी तात्या उलट असे काही प्रश्न टाकायचे की वकीलबाईंची भंबेरी उडायची. आता त्यांना विसरण्याचा आजार जडला होता. काल शिकवलेलं आज कोरं, म्हणून तेच कलम रोज नव्याने सांगावं लागे, आणि मैत्रिणी विचारत, तुझं एवढं पाठ कसं गं? ऋतिकाच्या भावाचं नाव तर ते दिवाळीतच विसरले होते. पण खटल्यात अजून आरोपीसारखी नेमकी उत्तरं देत. म्हणजे आपल्याला ते ओळखतात, या एका आशेवर ती रोज ओढणी घेऊन बसत होती. परीक्षा आता निमित्तापुरती उरली होती.

"अटक झालेल्याचा एक हक्क असतो. पोलिसांना त्याच्या घरच्यांना कळवावंच लागतं."

तात्या सावरून बसले.

"खरं सांगताय?"

"कायद्यातच आहे." ती हसली. खेळात ते तिला अहो-जाहो करायचेच.

"मग वकीलबाई, येवढं काम करा." त्यांनी हात जोडले. "माझ्या लेकीला कळवा. कवाधरनं हितं बसवून ठिवलंय मला. ती वकिली शिकतीया. ती आली की सोडवंल."

ऋतिकाने घाईघाईने ओढणी काढली.

"तात्या, खटला संपला. मीच आहे ना..."

"ऋतिका नाव हाय तिचं," ते समजावून सांगावं तसं म्हणाले.

ती उठली, बाहेर गेली, दार ओढून घेतलं. मग बेल वाजवून पुन्हा आत आली.

"तात्या, मी आले."

तात्यांनी मान वाकडी करून तिच्या मागे दाराकडे पाहिलं.

"कळवलं का, वकीलबाई?"

ऋतिकाने मान डोलावली.

"कळवलं. निघालीय ती."

"बरं झालं." लेकीला बसायला जागा व्हावी म्हणून तात्या भिंतीकडे सरकले आणि दाराकडे बघत राहिले.

ऋतिका समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.